मुलांना घेऊन भारतात घरी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून मुलांसह पुण्या-मुंबईला, नाशिक-नागपूरला नाहीतर कोकणात घरी जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे पान आहे. स्वस्त तिकीट कुठे मिळतं ते इथे सापडणार नाही. ते शोधण्यात आपण सगळेच पटाईत. अडतं ते दुसरीकडे, आणि बहुतेक वेळा "आपल्याच घरी तर चाललोय" या वाक्यामुळे. गोरा पर्यटक सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जातो, विमा काढतो, कागद दोनदा तपासतो. आपण भेटवस्तूंच्या याद्या करत बसतो आणि टायफॉइडची लस राहून जाते.

कधी जावं? डिसेंबर, मे की जुलै?

खरं तर हे तुम्ही ठरवत नाही, मुलांची शाळा ठरवते. ऑस्ट्रेलियावाले नशीबवान, त्यांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीतच येते. हवा उत्तम, हुरडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, थांबलात तर संक्रांतीचा तिळगूळ. अमेरिका-ब्रिटनवाल्यांना नाताळची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची मिळते. त्यातले पहिले चार दिवस झोपेत आणि शेवटचे दोन बॅगा भरण्यात जातात.

उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या सुमारास पोचतो. त्याआधी उकाडा, नंतर चिखल, डास आणि न वाळणारे कपडे. हापूस तोवर संपत आलेला असतो. तरीही जुलैतलं कोकण आणि सह्याद्री पाहून मुलं हरखतात, तेव्हा जुलैला उगाच नावं ठेवू नका. विदर्भात घर असेल तर मात्र मे महिना टाळा. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मुलं घरात बसून टॅबच बघणार असतील, तर इतका लांबचा प्रवास कशाला?

आणि हो, गरम देशात चाललो म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. आपल्या घरांना हीटिंग नसतं आणि फरशी गार पडते. मिनेसोटाच्या बर्फात वाढलेली मुलं आजीच्या घरी शालीत गुंडाळून बसलेली मी पाहिली आहेत.

मुलाचा पासपोर्ट नवा झालाय, ओसीआय कार्डावर जुना नंबर आहे. चालेल का?

चालतं. पूर्वी ओसीआयबरोबर (म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) जुना पासपोर्टही न्यावा लागायचा. ती अट २०२१ मध्ये काढली. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टबरोबर कार्ड नव्याने काढायची गरज नाही. पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा, नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि त्याला शुल्क नाही. विसाव्या वर्षानंतर जो पहिला पासपोर्ट निघेल, तेव्हा एकदाच कार्ड नवं करून घ्यायचं.

अडचण कायद्यात नसते, काउंटरवर असते. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला नियम माहीत असेलच असं नाही. म्हणून जुना पासपोर्ट घरात असेल तर बरोबर ठेवा आणि नियमाचं पान छापून घ्या. मोबाइलवर शोधत बसलात की मागची रांग कुरकुरायला लागते.

कार्डच नसेल आणि प्रवास तोंडावर असेल तर परदेशी पासपोर्टवाल्या मुलासाठी ई-टुरिस्ट व्हिसा काढा. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा मिळतो. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. हुबेहूब तसंच दिसणारी, चौपट पैसे घेणारी दुकानं बरीच आहेत. आणि घरात कुणाकडे भारतीय वंशाच्या लोकांना पूर्वी मिळणारं जुनं पीआयओ कार्ड पडलं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. ती योजना जानेवारी २०१५ मध्येच ओसीआयमध्ये विलीन झाली.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. जाता जाता व्हिसाचं स्टँपिंग उरकून येऊ का?

"जाता जाता" हा शब्द आधी काढून टाका. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याचा नियम आला, तेव्हा ठरलेल्या अपॉइंटमेंट कित्येक महिने पुढे गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसं भारतात अडकून पडली. स्टँपिंग करायचंच असेल तर वकिलाला आणि कंपनीला आधी विचारा. मुलांची शाळा, घराचे हप्ते, इकडच्या गाडीचा विमा, या सगळ्याची लांबलेल्या मुक्कामाच्या हिशोबाने तजवीज करून मगच निघा.

नवरा नंतर येणार आहे. मी एकटी दोन मुलांना घेऊन निघतेय. कसं जमेल?

जमतं, हजारो जणी करतात. नवऱ्याकडून नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या: मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, त्याचा फोन नंबर. तुमचं आणि मुलांचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रतही ठेवा. बहुधा कुणी विचारत नाही, पण ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी पर्याय नसतो.

तान्ह्या बाळासाठी पाळण्याची जागा तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागा. पाळण्याला वजनाची मर्यादा असते आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा गुटगुटीत बाळांच्या आयांनी आधीच विचारून घ्यावं. मधल्या थांब्याला तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट मुलांबरोबर घेऊ नये, हे माझं ठाम मत. दोनशे डॉलर वाचतात, आणि मग हातात सँडल आणि काखेत पोरगं घेऊन टर्मिनलभर धावावं लागतं.

तुमच्यासाठीही एक सांगणं. मुलांच्या नादात आई चौदा-पंधरा तास जागची हलत नाही. पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका अशा प्रवासात वाढतो, विशेषतः गरोदरपणात, बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना. तासा-दीड तासाने उठून चाला आणि पाणी पीत राहा. पायांवर दाब देणारे मोजे (कॉम्प्रेशन सॉक्स) घालायचे का, ते डॉक्टरला विचारा.

विमान रात्री दोनला मुंबईत उतरतं. तडक पुण्याला निघावं का?

बाबा "मी स्वतः घ्यायला येतो" म्हणतील. सत्तरीच्या माणसाला रात्रभर जागवून घाटातून गाडी चालवायला लावू नका. प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. माहितीतला ड्रायव्हर असेल आणि तो दिवसा झोप काढून आला असेल, तर निघायला हरकत नाही, रात्री रस्ता मोकळा मिळतो. नाहीतर मुंबईतल्या मावशीकडे किंवा विमानतळाजवळ चार तास पडा आणि उजाडल्यावर निघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांसाठी तर हे सक्तीचंच समजा.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याचं पुढचं विमान असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईतच उरकावं लागतं, बॅगा घेऊन बाहेर येऊन पुन्हा द्याव्या लागतात. देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर त्यावर साधारण १५ किलोच सामान चालतं. तुमच्याकडे २३-२३ किलोच्या बॅगा, मग जादा वजनाचे पैसे मोजा. पुढचा टप्पा त्याच आंतरराष्ट्रीय तिकिटात घेतला तर सहसा मूळ मर्यादा लागू राहते. तिकीट काढतानाच हा फरक बघा.

मी पुण्यातच वाढलो, मला कशाला लशी?

सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात चुकीचं वाक्य. नातेवाइकांकडे राहायला जाणाऱ्यांना टायफॉइड आणि मलेरियाचा धोका हॉटेलात राहणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त असतो, असं प्रवासी आरोग्याचे डॉक्टर कायम सांगतात. कारणं सरळ आहेत: आपण जास्त दिवस राहतो, घरोघरी जेवतो, नळाचं पाणी प्यायला लाजत नाही आणि डॉक्टरकडे आधी जातच नाही. लहानपणी मलेरिया झाला असेल तरी त्याची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं टिकत नाही. मुलांकडे तर ती कधी नव्हतीच.

निघण्याआधी चार ते सहा आठवडे डॉक्टरला गाठा. टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए या दोन लशींबद्दल विचारा. अमेरिकेत मिळणारी टायफॉइडची टोचायची लस दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात. भारतात सहा महिन्यांपासून देता येणारी वेगळ्या प्रकारची (कॉन्जुगेट) लस आहे, पण ती तिथे पोचल्यावर घेतली तर असर यायला वेळ जातो. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराच्या लशीचा एक जादा डोस द्यावा, अशी अमेरिकेत शिफारस आहे. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, ते वर्षानंतर वेगळे द्यावेच लागतात. बालरोगतज्ज्ञाला "भारतात जातोय" हे सांगितलंच नाही तर हा विषय निघतच नाही.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेतला आणि ब्रिटनमधला डॉक्टर वेगवेगळं सांगू शकतो. कुठे, कधी आणि किती दिवस राहणार ते नेमकं सांगा. गडचिरोलीतला पावसाळा आणि कोथरूडमधला जानेवारी यांना एकच उत्तर नाही.

नैरोबी, कंपाला किंवा आदिस अबाबाकडून येणाऱ्यांनी पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र विसरू नये. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं.

सासूबाईंना "पाणी उकळून द्या" कसं सांगू? त्यांना वाटतं सूनबाई फारच अमेरिकन झाली.

सांगू नका, करा. पहिल्याच सकाळी उठून मोठं पातेलं चढवा, गार झालं की माठाशेजारच्या कळशीत ओता आणि "आमच्या पोटांना सवय उरली नाही हो" म्हणून दोष स्वतःवर घ्या. घरात फिल्टर असेल तर त्याची कॅन्डल किंवा मेंब्रेन शेवटची कधी बदलली ते हळूच विचारा. बरेचदा उत्तर येतं, "तो माणूस येऊन गेला की मागे कधीतरी."

घरचं गरम जेवण बहुतेक वेळा निर्धोक. वरणभात, फुलके, गरम भाजी यांना कुणी घाबरू नये. सांभाळायचं ते पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, उसाच्या रसातला बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि लग्नाच्या बुफेतली कोशिंबीर. केळी, संत्री, सीताफळ अशी सोलून किंवा फोडून खायची फळं बिनधास्त द्या. लहान मुलं आंघोळ करताना तोंड उघडं ठेवून पाणी पितात, तिकडेही नजर असू द्या.

पोट बिघडलंच तर आधी ओआरएस. औषधांच्या दुकानात ओआरएससारखं नाव आणि चित्र असलेली गोड पेयं खोक्यात मिळायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, तरी मागताना "डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पुडी" असंच म्हणा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नका, क्षारांचं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचातून रक्त, उतरत नसलेला ताप, आठ तासांत लघवी नाही किंवा मूल मलूल पडलं, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

तापाचं औषध इथून न्यावं की तिथे घ्यावं?

तिथे सगळं मिळतं, पण एक फरक माहीत हवा. अमेरिकेतलं मुलांचं अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणजेच भारतातलं पॅरासिटामॉल. अमेरिकेतल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम औषध असतं. भारतात १२० चं मिळतं आणि २५० चंही, बाटल्या दिसायला सारख्या. बाळांसाठीचे थेंब तर आणखी तीव्र, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. "नेहमीसारखं एक चमचा दे" असं आजीला सांगून बाहेर पडू नका. मुलाच्या वजनाप्रमाणे मिलिग्रॅममध्ये डोस डॉक्टरकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. इथून नेलेली बाटली वापरणं सगळ्यात सोपं.

नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ डबीत, प्रिस्क्रिप्शनसह आणि हातातल्या बॅगेत. एडीएचडीवरची अ‍ॅम्फेटामिन वर्गातली औषधं भारतात दुकानात मिळत नाहीत. आखाती देशांतून जाणार असाल तर तिथल्या औषधांच्या नियमांकडेही बघा, ते कडक आहेत.

मच्छर अगरबत्ती पुरेशी आहे का?

नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीची अगरबत्ती त्याला काही करत नाही. सकाळी आणि संध्याकाळी मुलांना लांब बाह्या आणि अंगाला ओडोमॉससारखं मलम. पहिल्या दिवशी आजोबांबरोबर गच्चीत चक्कर मारून कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर आणि जुने डबे यांतलं साचलेलं पाणी ओतून टाका. झोपायला मच्छरदाणी. तिचं मुलांना भारी अप्रूप वाटतं, तंबू ठोकल्यासारखं.

जेट लॅगचं काय करायचं? मूल रात्री एकला उठून खेळायला मागतं.

न्यूयॉर्क आणि पुण्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, कॅलिफोर्नियाशी साडेतेरा. शरीर दिवसाला साधारण तासाभराने जुळवून घेतं, म्हणजे पहिला आठवडा गेलाच म्हणून समजा. त्या आठवड्यात लग्न, मुंज, अष्टविनायक काही ठेवू नका.

उपाय एकच खात्रीचा: सकाळचा उजेड. सात वाजता मुलांना घेऊन दूध आणायला, बागेत किंवा नुसतं गच्चीत जा. दुपारच्या झोपेला गजर लावा, दीड तासाहून जास्त नाही. घरातले सगळे "झोपू दे गं बिचाऱ्याला, दमलाय" म्हणतील, आणि तिथेच घात होतो. दुपारी चार तास झोपलेलं पोर रात्री एकला ताजंतवानं उठतं.

आणि उठलंच, तर दिवे मंद ठेवा, मोबाइल-टॅबची स्क्रीन दाखवू नका, भूक लागली तर दूध-पोळी द्या. तसं खरं सांगायचं तर आजीच्या सगळ्यात चांगल्या गप्पा पहाटे साडेतीनला स्वयंपाकघरातच होतात. ओट्यावर एकच दिवा, कढईत पोहे परतले जातायत, नात ओट्यावर बसून शेंगदाणे वेचून खातेय आणि आजोबा दारातून विचारतायत, "अरे, मला नाही का चहा?" उजाडायच्या आत पोहे खाल्लेल्या मुलांना पुन्हा झोपवायचा प्रयत्न करू नका; सूर्य उगवला की बाहेर काढा.

मेलाटोनिन अमेरिकेत कुठेही मिळतं, ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. मुलांना द्यायचं असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरशी बोला.

आजी-आजोबांचं घर रांगत्या मुलासाठी सुरक्षित कसं करायचं?

सगळ्यात आधी त्यांच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्यांचा डबा हमखास टीपॉयवर किंवा उशाशी असतो, आणि आत रंगीत गोळ्या खाऊसारख्या दिसतात. तो डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊ द्या. दुसरं, गॅस गीझर. बंद न्हाणीघरात तो चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस गुदमरतो, अशा घटना आपल्याकडे घडल्या आहेत. खिडकी उघडी ठेवा, बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच मुलाला आंघोळीला न्या. गॅलरीच्या कठड्याशी कुंडी किंवा स्टूल ठेवू नका. एवढं झालं की बाकीचं नजरेवर सोडा. आजीच्या घराची पूर्ण पाळणाघरासारखी पुनर्रचना करायला निघालात तर घरातलं वातावरण बिघडेल.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना हात लावायचा नाही, हे मुलांना विमानातच बजावा. परदेशात वाढलेल्या मुलांना प्रत्येक कुत्रा पाळीव वाटतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जा. हळद, चुना काही लावू नका.

कार सीट न्यावी का? सगळे हसतात.

हसू द्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांची सीट बंधनकारक केली आहे. बहुतेक विमान कंपन्या कार सीट फुकट नेतात, पण तिकीट काढताना विचारून घ्या. खरी अडचण टॅक्सीत येते: मागच्या सीटवर नवं कोरं कव्हर चढवलेलं असतं आणि पट्ट्याची कुलपं त्याखाली गाडलेली असतात. गाडी ठरवतानाच फोनवर सांगा, "मागचे बेल्ट बाहेर काढून ठेवा."

विजेची उपकरणं चालतील का?

भारतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना साधी पिन पुरते. अमेरिकेतला हेअर ड्रायर, बाटल्या गरम करायचं यंत्र, वाफेचा कुकर मात्र लावल्या लावल्या जळतो. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून बंद आहे. ट्रेकसाठी घेतलेला उपग्रहावर चालणारा संदेशक तर नेऊच नका; परवानगीविना तो जवळ बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना विमानतळावर अटक झाली आहे.

पैसे कसे द्यायचे? भाजीवालाही यूपीआय मागतो.

अनिवासी भारतीयांचं एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएईसह काही देशांच्या मोबाइल नंबरवरही यूपीआय चालू करता येतं; तुमची बँक ती सोय देते का ते निघण्याआधी तपासा. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवलं असेल तर ते नियमात बसत नाही, अनिवासी झाल्यावर ते एनआरओ करावं लागतं. या फेरीत ते काम उरकूनच टाका. भारतीय सिम मध्येमध्ये रिचार्ज करून जिवंत ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो आणि सिम बंद पडलं की सगळं अडतं.

कपाटातल्या जुन्या नोटा बघून घ्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा आता आठवण म्हणून ठेवायच्या. दोन हजारच्या नोटा मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेतल्या; दुकानात कुणी घेणार नाही, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठावं लागेल.

सगळ्या नातेवाइकांना भेटायलाच हवं का? तीन आठवड्यांत एकवीस घरं कशी होणार?

होणार नाहीत, आणि झाली तरी मुलांना त्यातलं एकही आठवणार नाही. आत्या, मामा, काका, चुलत-मावस भावंडं यांना एका रविवारी एकत्र बोलवा. सोसायटीचा हॉल घ्या आणि जेवण बाहेरून मागवा, म्हणजे आईच्या कमरेवर भार नको. ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा वडीलधाऱ्यांकडे मात्र स्वतः जा, शक्यतो सकाळी, घाई न करता. पाच मिनिटं टेकून "निघतो हं, अजून दोन घरं आहेत" म्हणण्यापेक्षा न गेलेलं बरं.

कुणाला वाईट वाटेलच. वाटणारं वाईट आईबाबांवर ढकलू नका. तुम्ही निघून गेल्यावर त्याचे टोमणे त्यांना ऐकावे लागतात. त्या घरी तुम्ही स्वतः फोन करा.

भेटवस्तू काय न्याव्यात?

आता भारतात न मिळणारं फार थोडं उरलंय. थेट विचारा. साठीपुढचे बहुतेक जण "काही नको, तुम्ही या" म्हणतील, आणि त्यांना खरंच काही नको असतं. मे महिन्यात चॉकलेट नेऊ नका, पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

एका व्यक्तीला मात्र विसरू नका: घरी काम करणाऱ्या मावशी. तुम्ही चौघं महिनाभर राहता तेव्हा त्यांची भांडी आणि धुणं दुप्पट होतं. जाताना हातावर नोट ठेवण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात जादा कामाचे पैसे ठरवून द्या.

मुलगी मराठीत उत्तर देत नाही. आजी नाराज होतात.

दोघींना एकत्र बसवून "बोल ना मराठीत" म्हणू नका, मूल पार गप्प होतं. त्यांना काम द्या. लसूण सोलणं, रांगोळी, पत्ते, मोदकाच्या कळ्या. हात कामात गुंतले की "दे", "थांब", "अजून एक" हे आपोआप येतं.

तिथून ऑफिसचं काम करता येईल का?

कंपनीची लेखी परवानगी आणि लॅपटॉप देशाबाहेर नेण्याचा नियम आधी बघा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसात, कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेदहा. दिवसभर पाहुणे आणि रात्रभर मीटिंगा, असं आठवडाभराच्या वर रेटू नका. आणि भारतातला मुक्काम एका आर्थिक वर्षात १८२ दिवसांवर जाणार असेल तर करसल्लागाराशी बोला. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांपासूनच प्रश्न सुरू होतो.

परतताना खाऊ काय नेता येतो?

मुंबईच्या टर्मिनल दोनला रात्री अकरा वाजता वजनकाट्याजवळ उभे राहा, म्हणजे समजेल. बॅगा जमिनीवर उघडलेल्या, आई लोणच्याच्या बरणीला टॉवेलचा तिसरा वेढा देतेय, बाबांनी दोन जाकिटं एकावर एक चढवलीत, आणि दीड किलोसाठी भाजणी जाणार की मेतकूट यावर वाद चाललाय.

वजनाचं तुमचं तुम्ही बघा, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेता येत नाहीत; तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून धोकादायक मालात धरतात. खसखस सिंगापूर आणि आखाती देशांत अंमली पदार्थांच्या नियमात अडकते. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर खसखशीची पुडी, खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला गोडा मसाला नेऊ नका. मसाला करतानाच काकूंना सांगा की खसखस वगळा. तिसरं, दुधाची मिठाई. भारतातून ब्रिटनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, ऑस्ट्रेलियातही पेढे-बर्फी काढून घेतात. अमेरिकेत ताजा कढीपत्ता आणि सामानातला आंबा अडवला जातो. खाण्याचं काहीही असेल तर फॉर्मवर "हो" लिहा. सांगून दिलेली वस्तू फार तर फेकली जाते, लपवली तर दंड बसतो.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. काही कंपन्या आता ती विमानात वापरूही देत नाहीत.

परत आल्यावर दोन आठवड्यांनी मुलाला ताप आला. फ्लूच असेल ना?

असेलही, पण तसं गृहीत धरू नका. टायफॉइड डोकं वर काढायला एक ते तीन आठवडे घेऊ शकतो. मलेरिया त्याहून उशिराही, काही प्रकारांत तर कित्येक महिन्यांनी उद्भवू शकतो. भारतात गेला होतात हे न सांगितल्यास इकडचा डॉक्टर या दोन्हींचा विचार करेलच असं नाही. दवाखान्यात शिरल्याबरोबर सांगा: कुठे होतो, किती दिवस, कधी परतलो, कुठल्या लशी घेतल्या होत्या. मलेरियाची रक्ततपासणी आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) करायला हवं का, असं स्वतःहून विचारा. भारतातून आणलेल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या त्याआधी सुरू करू नका, नाहीतर कल्चरमध्ये काही सापडत नाही आणि ताप चालूच राहतो.